विश्लेषण : उमेश यादवचे ‘बेसबॉल कार्ड’ करायचे, तर मागच्या बाजूला काय छापायचे?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत पत्त्याएवढ्या आकाराचे एक कार्ड ११ लाख १० हजार डॉलरला विकले गेले. कार्डावर होता पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पिचर पॉल स्कीन्स. पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. ते कार्ड तयार झाले तेव्हा स्कीन्सच्या खात्यात मेजर लीगचा जेमतेम एक मोसम होता. पाकिटातून कार्ड निघाले ते लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या मुलाच्या हाती. त्याने ते द्यावे म्हणून क्लबने ३० वर्षांची मोसमी तिकिटे देऊ केली होती. मुलाच्या घरच्यांनी नकार दिला आणि कार्ड लिलावात गेले.

एका मोसमाच्या गोलंदाजाची ही किंमत. मग ५७ कसोटी आणि १७० बळी असलेल्या गोलंदाजाचे काय? विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला क्रिकेटपटू उमेश यादव याची कारकीर्द एका कार्डावर मांडायची ठरवली, तर ते कुणी करायचे आणि त्यात नेमके काय असायला हवे?

कंपनीचे कार्ड आणि ‘कस्टम’ कार्ड यांत फरक काय?

अमेरिकेत १९ व्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे येऊ लागली. पाकीट दबू नये म्हणून पुठ्ठा घालावाच लागे, त्यावर चित्र छापले की गिऱ्हाईकही टिकून राही. ब्रिटनमध्ये क्रिकेटपटूंचीही अशी कार्डे निघत. रणजितसिंहजी त्यांवर झळकले होते. पुढे सिगारेटची जागा बबलगमने घेतली. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आणि डब्याच्या सुट्टीत रंगणारे ट्रम्प कार्डचे डाव आठवत असतील. ‘बळी किती?’ असे विचारून समोरच्याचे कार्ड उचलायचे, हा तोच प्रकार.

कंपनीचे कार्ड त्या त्या मोसमाचे असते. यंदा कुणाची चलती आहे, कोणत्या संघाशी करार झाला आहे, यावर यादी ठरते. खेळाडू संघाबाहेर गेला की पुढच्या वर्षीच्या पाकिटातून तोही जातो. संपूर्ण कारकीर्दीचा हिशेब एका कार्डावर मांडण्यात कंपनीला फारसा रस नसतो, अपवाद फक्त मोठ्या नावांचा. ही जागा चाहते भरून काढतात. खेळाडू निवडायचा, जुन्या कार्डांच्या धाटणीत पुढची बाजू सजवायची, मागे आकडे टाकायचे आणि मोजक्या प्रती छापायच्या. यालाच कस्टम कार्ड म्हणतात. बाजारात त्याला जवळपास शून्य किंमत असते. तरीही अमेरिकेत हा छंद जोरात आहे, कारण कार्ड मिळायला हवे होते पण मिळाले नाही, असे खेळाडू तिथेही कमी नाहीत.

सॅचेल पेजची गोष्ट इथे का सांगायची?

त्यातला सर्वांत मोठा गोलंदाज म्हणजे सॅचेल पेज. कृष्णवर्णीय असल्याने उमेदीची सारी वर्षे त्याला मेजर लीगचे दार बंद होते. तो निग्रो लीगमध्ये आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत चेंडू फेकत राहिला. १९४८ मध्ये क्लीव्हलँडने त्याला घेतले तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. बबलगम कंपन्यांची कार्डे त्याच्या वाट्याला आली ती त्यानंतर. टॉप्स कंपनीने १९५३ च्या संचात त्याला घेतले, पण नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एल’ जास्त छापला. आज ते चुकीच्या स्पेलिंगचे कार्डही मोलाचे मानले जाते.

कार्डाच्या मागे मात्र त्याची कारकीर्द अर्धीमुर्धीच उतरू शकत होती. मेजर लीगच्या हिशेबाने त्याच्या नावावर फक्त २८ विजय होते. त्याआधीची सुमारे दोन दशके अधिकृत आकड्यांत नव्हतीच. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला डिसेंबर २०२० मध्ये आणि तिथली आकडेवारी मुख्य नोंदींत मिसळली गेली ती मे २०२४ मध्ये. पेज १९८२ मध्येच गेला. म्हणजे मृत्यूनंतर ४२ वर्षांनी त्याच्या कार्डाची मागची बाजू बदलली.

महाराष्ट्राला हा प्रकार अनोळखी नाही. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा भारताचा कसोटी संघच नव्हता. दलित असल्यामुळे पुण्यात त्यांना मैदानावर चेंडू टाकायला चालत होते, पण चहा मात्र बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. अगदी अलीकडचे नाव म्हणजे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. त्यांच्या ऐन भराच्या काळात भारताकडे बिशनसिंग बेदी होते आणि दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. कसोटी आकड्यांचा तक्ता छापणाऱ्या कार्डावर शिवलकरांच्या नावापुढे सगळी शून्येच येतील.

उमेशच्या कार्डाची पुढची बाजू

उमेशचे प्रकरण वेगळे आहे. त्याला संधी मिळाली, तो भरपूर खेळला. प्रश्न आहे तो कसा लक्षात राहील याचा.

नागपूरच्या उत्तरेला खापरखेड्याजवळच्या वलनीत, कोळसा खाणीच्या वसाहतीत तो वाढला. वडील खाणीत कामाला होते. पोलीस भरतीत त्याची निवड झाली नाही, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टेनिस बॉलवर खेळणारा हा मुलगा लेदर बॉलकडे वळला तो विशीच्या उंबरठ्यावर. नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध विदर्भाकडून रणजी पदार्पण आणि पहिल्या मोसमात चार सामन्यांत २० बळी. मे २०१० मध्ये झिम्बाब्वेत पहिला एकदिवसीय सामना, नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. खाणीच्या वसाहतीपासून कसोटीच्या टोपीपर्यंतचे अंतर वेळेत मोजले, तर लेदर बॉल हाती आल्यापासून चार-पाच वर्षे.

पुढच्या बाजूला चित्र कोणते घ्यायचे? बहुतेक जण निळ्या जर्सीतले घेतील. २०१५ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले, भारतीयांत सर्वाधिक. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध चार, उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार. तरीही कार्डासाठी पांढऱ्या कपड्यांतला उमेश अधिक योग्य. कारण त्याचे खरे काम तिथे झाले आणि कमीत कमी बोलले गेले तेही त्याच कामाबद्दल.

मागची बाजू : इथेच खरी परीक्षा

बेसबॉल कार्डाची मागची बाजू म्हणजे तक्ता. प्रत्येक ओळ एका वर्षाची. पिचरच्या रकान्यात विजय, पराभव, स्ट्राइकआउट आणि ‘ईआरए’ असतात. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर नऊ डावांमागे सरासरी किती धावा पडल्या तो आकडा. आपल्याकडच्या गोलंदाजीच्या सरासरीसारखाच, कमी तितका चांगला.

उमेशचा तक्ता एका ओळीत लिहिला तर असा : ५७ कसोटी, १७० बळी, सरासरी ३०.९५. शिवाय ७५ एकदिवसीय सामन्यांत १०६ बळी. ठीकठाक गोलंदाज, असे म्हणून वाचणारा पुढे जाईल. भारताच्या वेगवान गोलंदाजांच्या यादीत कपिलदेव, झहीर खान, इशांत शर्मा, जवागल श्रीनाथ, मोहम्मद शमी आणि जसप्रीत बुमराह यांच्यानंतर त्याचे नाव येते.

आता हाच आकडा दोन तुकड्यांत फोडून पाहा. १७० पैकी १०१ बळी भारतात, उरलेले ६९ परदेशात. भारतातली सरासरी २६ च्या आसपास, परदेशात ती बरीच वर जाते. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत सहसा उलटे घडते. इथल्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाने नव्या चेंडूची पाच-सहा षटके टाकायची आणि मग सीमारेषेवर उभे राहून अश्विन-जडेजाचे बळी मोजायचे, हा रिवाज. अशा ठिकाणी शंभर बळींचा टप्पा उमेशच्या आधी फक्त चार भारतीय वेगवान गोलंदाजांनी गाठला होता : कपिल, श्रीनाथ, झहीर आणि इशांत. उमेशने तो मार्च २०२३ मध्ये इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध गाठला. त्या डावात त्याने १२ धावांत तीन बळी घेतले.

एकत्रित सरासरीत हे सगळे पुसले जाते. ३०.९५ हा आकडा बरोबर आहे, पण तो दोन वेगळ्या गोलंदाजांची सरासरी काढून तिसराच एक गोलंदाज उभा करतो. मागची बाजू स्वतः मांडण्याचा अधिकार चाहत्याकडे असेल, तर त्याने ‘भारतात’ आणि ‘परदेशात’ अशा दोन ओळी द्याव्यात. परदेशातली ओळ लपवण्याची गरज नाही. ती तिथे असली की भारतातली ओळ जास्त उठून दिसते.

जामठ्याची गंमत

मनीषनगरातून उड्डाणपूल चढून वर्धा रोडला लागले की जामठ्याचे स्टेडियम याच रस्त्यावर आहे. विदर्भाच्या गोलंदाजाचे घरचे मैदान म्हणावे, तर तिथल्या कसोटींतली गाजलेली कार्डे फिरकी गोलंदाजांची निघतील. उमेशने रणजी पदार्पण केले त्याच नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्यावर पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर जेसन क्रेझा याने पदार्पणात ३५८ धावा मोजून १२ बळी घेतले आणि त्यानंतर आयुष्यात आणखी एकच कसोटी खेळला. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अश्विनने १२ बळी घेतले. त्या खेळपट्टीला आयसीसीने ‘निकृष्ट’ ठरवले होते. २०१७ मध्ये अश्विनचा ३०० वा कसोटी बळीही इथलाच, तोही ५४ व्या कसोटीत, म्हणजे डेनिस लिलीपेक्षा दोन कसोटी आधी.

त्यामुळे उमेशच्या कार्डाला नागपूरबाहेर जावे लागते. हैदराबाद, ऑक्टोबर २०१८. वेस्ट इंडिजविरुद्धच्या या कसोटीत त्याचा जोडीदार होता पदार्पण करणारा शार्दूल ठाकूर. दहा चेंडू टाकून शार्दूल जायबंदी झाला आणि मैदानाबाहेर गेला. संघात दुसरा वेगवान गोलंदाज नव्हता. उमेशने पहिल्या डावात ८८ धावांत सहा आणि दुसऱ्या डावात ४५ धावांत चार बळी घेतले. भारतात एका कसोटीत दहा बळी घेणारा तो कपिल आणि श्रीनाथनंतरचा तिसराच भारतीय वेगवान गोलंदाज. कार्डावर एकाच सामन्याला जागा असेल, तर ती याच सामन्याला द्यावी लागेल.

दुसरा दावेदार नोव्हेंबर २०१९ मधला ईडन गार्डन्सचा गुलाबी चेंडूचा सामना. बांगलादेशचे पडलेले सगळे बळी वेगवान गोलंदाजांनी घेतले, फिरकीला एकही नाही. पहिल्या डावात इशांतचे पाच, दुसऱ्यात उमेशचे पाच. लोकांच्या लक्षात राहिला तो गुलाबी चेंडू.

जुन्या बेसबॉल कार्डांवर मागे एका कोपऱ्यात छोटेसे व्यंगचित्र आणि एक ओळीची गंमत असे. त्या जागेसाठी शोधाशोध नको. ऑक्टोबर २०१९, रांची, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उमेशच्या १० चेंडूंत ३१ धावा, त्यात पाच षटकार. पहिले दोन चेंडू थेट प्रेक्षकांत. ड्रेसिंग रूममध्ये विराट कोहलीची अवस्था तेव्हा कॅमेऱ्याने टिपली होती.

तक्त्यात एक ओळ रिकामी जागा दाखवणारीही हवी. पहिल्या कसोटीपासून जून २०२३ च्या ओव्हलवरील जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत भारत जेवढ्या कसोटी खेळला, त्यातल्या जवळपास निम्म्या उमेशच्या वाट्याला आल्या. परदेशात बुमराह, शमी, इशांत पुढे. भारतात तीन फिरकी गोलंदाज खेळवायचे ठरले की पहिली गदा वेगवान गोलंदाजावर. काही वेळा त्याची गोलंदाजीच महागडी पडली, हेही खरे. पण बारा वर्षे आत-बाहेर करत १७० पर्यंत पोहोचणे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

असे कार्ड छापणे कायद्यात बसते का?

स्वतःसाठी एक प्रत छापून भिंतीवर लावली, तर कुणी विचारायला येणार नाही. विक्री सुरू झाली की प्रश्न सुरू होतात.

या विषयावर दिल्ली उच्च न्यायालयाचा २६ एप्रिल २०२३ चा आदेश महत्त्वाचा आहे. क्रिकेटपटूंची डिजिटल कार्डे विकणाऱ्या ‘रारियो’ने ‘स्ट्रायकर’ या प्रतिस्पर्धी मंचाविरुद्ध दावा केला होता. मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग यांच्यासह काही खेळाडूही रारियोच्या बाजूने वादी होते. खेळाडूंची नावे, चित्रे, आकडेवारी वापरण्याचा हक्क आमच्याकडे आहे, असे त्यांचे म्हणणे. न्या. अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. नाव, सामन्यांचे आकडे ही माहिती आधीच सार्वजनिक आहे, त्यावर कुणी एकाधिकार सांगू शकत नाही, असा त्याचा गाभा. स्ट्रायकरच्या कार्डांवर खेळाडूंची छायाचित्रे नव्हती, कलाकाराने काढलेली चित्रे होती, हाही मुद्दा विचारात घेतला गेला. मात्र हा अंतरिम टप्प्यावरचा आदेश होता. खेळाडूने आपल्या कार्डाला मान्यता दिली आहे असा भास निर्माण केला, तर गणित बदलते.

थोडक्यात, १७० हा आकडा कुणाच्या मालकीचा नाही. गुगलवरून उतरवलेला फोटो मात्र कुणाच्या तरी मालकीचा असतो. कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे उमेशचा कोणताही फोटो अजून बराच काळ ‘मोकळा’ होणार नाही. बीसीसीआयचे किंवा आयपीएल संघांचे बोधचिन्ह तर नकोच. उपाय सोपा आहे : स्वतः काढलेला फोटो किंवा चित्र येणाऱ्या मित्राला गाठणे. मागे ‘चाहत्याने तयार केलेले, विक्रीसाठी नाही’ असे छापायचे. यामुळे पुढे कुणी ते जुने अस्सल कार्ड म्हणून विकण्याचाही धोका टळतो. १९५२ चे मिकी मँटलचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेल्यानंतर नकली कार्डांची भीती वाढली आहे.

मनीषनगरात छापायचे तर?

बेसबॉल कार्डाचा आकार १९५७ पासून ठरलेला आहे : अडीच बाय साडेतीन इंच. कॅनव्हासारख्या फोन ॲपवर हा आकार टाकून डिझाइन करता येते. ३०० डीपीआयने ७५० बाय १०५० पिक्सेल होतात. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंनी पाव इंचाचा निम्मा, म्हणजे एक अष्टमांश इंच जादा रंग ठेवायचा. मग फाइल ८२५ बाय ११२५ पिक्सेलची होईल. पीडीएफ करून नेली की मनीषनगरातल्या डिजिटल प्रिंटच्या दुकानात लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांच्या रांगेत तेही काम होऊन जाते. कागद ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन आणि कोपरे गोल नकोत. जुन्या कार्डांचे कोपरे टोकदारच असत.

गंमत शीटमध्ये आहे. दुकानदार बहुधा १२ बाय १८ इंचांची शीट छापतो. त्यावर कार्डे उभी लावली तर १६ बसतात, आडवी लावली तर १८. एक छापा किंवा अठरा, शीट एकच लागते.

म्हणजे उमेशसोबत आणखी सतरा जागा आहेत. पहिली रजनीश गुरबानीला जायला हवी. इंजिनीअरिंगची पदवी घेतलेल्या या गोलंदाजाने २०१७-१८ च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकचे १२ बळी घेतले. विदर्भ पाच धावांनी जिंकला आणि अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक घेतली. त्याच सामन्यात १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. दुसरी आदित्य सरवटेला, पुढच्याच वर्षी जामठ्यावरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी. तिसरी हर्ष दुबेला, २०२४-२५ च्या एका मोसमात ६९ बळी, रणजीचा विक्रम आणि विदर्भाचे तिसरे विजेतेपद. बाळू आणि शिवलकर यांच्यासाठी कसोटीचा रकाना नसलेला वेगळा तक्ता करावा लागेल. तो करायला कुणाची परवानगी लागत नाही.

फाइल दुकानात देण्याआधी प्रूफ मात्र दोनदा वाचावे. टॉप्ससारख्या कंपनीकडून एक ‘एल’ जास्त पडला होता. आपल्याकडे पूर्ण नाव ‘उमेशकुमार तिलक यादव’ असे आहे, हैदराबादच्या सामन्याची ओळ १३३ धावांत १० बळी अशी आहे आणि १०१ अधिक ६९ ची बेरीज १७० यायला हवी.